पडद्याचा फोटो इथे, वाचन तिकडे: माझा अनुभव

शहरी वस्तीतल्या दवाखान्यात मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढायचे, दूर बसलेल्या तज्ज्ञाकडे पाठवायचे आणि आलेला अहवाल रुग्णाला समजावून सांगायचा, हे माझं काम. कॅमेरा हाताळणं लवकर जमतं. वाचता येईल असा फोटो मिळवायला मात्र चिकाटी लागते.

दृष्टी आधी तपासते, कारण फ्लॅशनंतर काही वेळ डोळ्यांपुढे डाग नाचतात आणि तक्त्यावरची अक्षरं चुकतात. मग अंधार. बाहुली मोठी करणारे थेंब न टाकता चालणाऱ्या कॅमेऱ्यालाही ती साधारण चार मिलिमीटर उघडलेली लागते. खिडकीची फट किंवा कुणाचा चालू मोबाइल तेवढ्यानेही काम बिघडवतो. पाच मिनिटं अंधारात बसवून मग हनुवटी टेकवायला सांगते. फ्लॅश एकाच डोळ्यावर पडला तरी बाहुल्या दोन्ही आवळतात, त्यामुळे दर फोटोनंतर थोडं थांबायलाच हवं. रांग वाढली की नेमकी इथे घाई होते आणि दुसऱ्या डोळ्याचे फोटो काळपट येतात.

प्रत्येक डोळ्याचे दोन फोटो: एक पडद्याच्या मध्यबिंदूवर, एक नेत्रचकतीवर, म्हणजे डोळ्याची नस पडद्याला मिळते त्या गोल जागेवर. "पापण्या मिटा, आता मोठे डोळे करून हिरव्या दिव्याकडे बघा" एवढं म्हटलं की बहुतेकांचं जमतं. फोटोच्या कडेला धूसर पट्टा आला तर पापणी आड आली आहे. वेगवेगळ्या रुग्णांच्या फोटोंत एकाच जागी ठिपका दिसला तर ती भिंगावरची धूळ, रक्तस्राव नव्हे. ती रबरी फुग्याने उडवावी, रुमालाने कधीच पुसू नये. पाठवण्याआधी उजवा-डावा पडताळते: नेत्रचकती नाकाच्या बाजूला असते, म्हणून उजव्या डोळ्याच्या फोटोत ती आपल्या उजवीकडे दिसली पाहिजे.

वयस्कर रुग्णांच्या बाहुल्या बारीकच राहतात. तेव्हा डॉक्टरांच्या परवानगीने ट्रॉपिकामाइडचे थेंब टाकून साधारण वीस मिनिटं थांबते. त्याआधी काचबिंदूबद्दल विचारते, कारण डोळ्यातला कोन अरुंद असेल तर थेंबांनी दाब एकदम वाढू शकतो. पुढचे काही तास धूसर दिसतं, गाडी चालवायची नाही. मोतीबिंदू पिकला असेल तर थेंबांनीही फोटो धुरकटच येतो. न वाचता येणाऱ्या फोटोला "नॉर्मल" समजू नये. अशा रुग्णाला थेट नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं.

फोटोसोबत मधुमेह किती वर्षांचा, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी), रक्तदाब, दृष्टी आणि गर्भारपण आहे का, हे लिहिते. टाइप २ मध्ये निदान होताच तपासणी हवी, टाइप १ मध्ये पाच वर्षांनी, गर्भारपणात पहिल्या तिमाहीत. या फोटोत डोळ्याचा दाब कळत नाही, हेही स्पष्ट सांगते.

सगळ्यात जास्त माणसं गळतात ती अहवालानंतर. "मला तर चांगलं दिसतंय" हे उत्तर ठरलेलं, आणि ते खरंही असतं. पडद्याचा मधला भाग शाबूत असेपर्यंत नजर उत्तम राहते. म्हणून स्क्रीनवर त्यांचाच फोटो मोठा करून मधुमेहाने झालेले लाल ठिपके आणि मध्यबिंदूजवळचे पिवळे डाग बोटाने दाखवते. रुग्ण उठायच्या आत रुग्णालयाला फोन लावून तारीख घेते, चिठ्ठीवर विभाग आणि वेळ लिहिते, घरातल्या आणखी एकाचा नंबर नोंदवून ठेवते. तारीख उलटली की त्या नंबरवरही फोन करते.