छर्ऱ्याचं कुलूप

आमच्याकडे मुलगी मागायला मामा जातो. बायोडाटा जातो, पत्रिका जाते, मग पोहे होतात, पसंती कळते, सुपारी फुटते. मुलाने मुलीला स्वतःच्या तोंडाने काही विचारावं, अशी यात कुठे जागाच नाही. आम्ही दोघं वाळूजला एकाच कंपनीत, दोन वर्षं एकाच बसने जाणं-येणं, मित्रांच्या लेखी सगळं ठरलेलंच. तरी मी विचारलेलं नव्हतं. ‘माझ्याशी लग्न करशील का’ हे वाक्य मराठीत एकदा आरशासमोर म्हणून बघा. मी म्हणून बघितलं होतं, दोनदा. दुसऱ्यांदा आई मागे उभी होती.

तिला कोडी लागतात. पेपर आला की शब्दकोडं आधी, बातम्या नंतर. म्हणून डोक्यात आलं की अंगठी अशा पेटीत ठेवायची, जी सहज उघडणार नाही. ती उघडेल, आत अंगठी दिसेल, मला बोलावंच लागणार नाही. खरं कारण एवढंच होतं.

पहिली पेटी ऑनलाइन मागवली. कुरिअरवाल्याने माझ्या हातात दिली तेव्हाच तिचं झाकण उघडलेलं होतं.

मग रात्री जागून जपानी पेट्यांचे व्हिडिओ बघितले. हिमित्सु-बाको म्हणतात त्यांना, म्हणजे गुपिताची पेटी. हाकोने नावाच्या डोंगराळ भागात एकोणिसाव्या शतकापासून बनतात. वरून बघितलं तर ना कडी, ना कोयंडा, ना किल्लीचं भोक. बाजूची एक पट्टी थोडीशी सरकवली की दुसरी मोकळी होते, दुसरीने तिसरी, आणि सगळ्यात शेवटी झाकण. कुणाला ४ पायऱ्या, कुणाला १०, कुणाला २१. एक जरी चुकली तरी पुढचं काही हलत नाही. त्यांची मापं ‘सुन’मध्ये असतात, एक सुन म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर.

आमचं गाव अंबड तालुक्यात. तिथे आमच्या शेजारी नाना राहतात, सुतारकाम करतात. वैशाखात गावी गेलो तेव्हा मोबाइल घेऊन त्यांच्यापुढे बसलो.

“नाना, चार सुनची पेटी पाहिजे.”

“चार सुना? आरं, तू तर एकच आणायलास ना?”

झालं. त्या दिवसापासून ते मला ‘चार सुनांवाला’ म्हणायलेत, अजून सुटका नाही. पण व्हिडिओ अर्धाही न बघता त्यांनी फोन परत दिला. म्हणाले, “हा तर चोरकप्पा. आमच्या बापाने मारवाड्याच्या गादीवरच्या पेट्यांना लई केले.” मी इतके दिवस इंटरनेटवर जपानी नाव शोधत होतो आणि शब्द माझ्याच गल्लीत होता.

नानांनी जुन्या चौकटीचं सागवान काढलं. चौकट पाडून वीस-पंचवीस वर्षं झाली असतील; असं लाकूड मुरलेलं असतं, आता वाकणार नाही. सरकत्या पट्ट्यांसाठी मात्र तेवढं सागवान उरेना, म्हणून त्या आंब्याच्या केल्या. चार पायऱ्या ठरल्या. डावी पट्टी एक सूत खाली, उजवी एक सूत वर. मग पेटी तिच्याकडच्या बाजूला कलंडवायची, म्हणजे आत नळीत ठेवलेला सायकलच्या बेअरिंगचा छर्रा घरंगळून जातो आणि खिट्टी मोकळी होते. मग झाकण. छर्ऱ्याची युक्ती नानांची. पेटी हलवली की आत खुळखुळ होते आणि माणसाला वाटतं अंगठीच वाजतेय. अंगठी बिचारी मखमलीत गप्प. तिच्या बोटाचं माप मैत्रिणीकडून मिळवलं होतं, १२ नंबर, त्यामुळे आतला कप्पा अंगठ्याच्या पेराएवढाच लागला.

भांडण झालं ते फटीवरून. पट्टी आणि चौकट यांच्यात नानांनी जी फट ठेवली होती, ती मला डोळ्यांत खुपत होती. मी म्हणालो, रेघ दिसायला नको. नाना म्हणाले, लाकूड लांबीत वाढत नसतं पण रुंदीत वाढतं, पावसाळ्यात फुगतं, त्याला श्वास घ्यायला जागा लागती. मी ऐकलं नाही. त्यांनी पटाशी ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि नव्या, रुंद पट्ट्या रंधून बसवल्या. निघताना एवढंच बोलले, “पाऊस लागला की खाचेत मेणबत्ती घास.” मी हो म्हणालो आणि विसरलो.

जागा देवगिरी ठरवली. तो किल्लाच मुळी कोड्याची पेटी आहे. खंदक ओलांडला की अंधारी, वळणावळणाचा काळाकुट्ट भुयारी रस्ता, वाट चुकलेला शत्रू आतच संपावा असा. मित्राने बजावलं होतं, “त्या तुघलकाने १३२७ ला दिल्लीची राजधानी तिथं आणली आणि पुन्हा परत नेली. पक्कं ठरवायची जागा नाही ती.” मी हसण्यावारी नेलं.

आषाढातला रविवार. भुरभुर पाऊस, पायऱ्या शेवाळलेल्या. अंधारी पार करून वर आलो, एका कमानीखाली बसलो, पेटी तिच्या हातात दिली. तिने डावी पट्टी अर्ध्या मिनिटात शोधली. ती सरकली. उजवी हलेना. तिने अंगठ्याने दाबली, नखाने ओढली, उलटी केली, कानाशी नेऊन हलवली. खुळखुळ. दहा मिनिटं गेली. मी हात लावून बघितला. पट्टी फुगून चौकटीत अशी बसली होती की जणू झाडातच उगवली. एव्हाना दोन वानरं जवळ येऊन बसली होती, त्यांना वाटलं डबा आहे.

“आत काय आहे?” तिने विचारलं.

मग सांगावंच लागलं. कसं सांगितलं ते लिहीत नाही. मध्येच एक वानर दात विचकून पुढे आलं आणि माझं वाक्य अर्धवट राहिलं, एवढंच सांगतो.

ती बराच वेळ पेटीकडे बघत होती. मग म्हणाली, “तुझं तोंड उघडायला दोन वर्षं लागली आणि पेटी दहा मिनिटांत उघडायची होय?” हो नाही, नाही नाही. पेटी पिशवीत टाकली आणि म्हणाली, “ही मी नेते. उघडली की सांगते.”

तीन दिवस. बसमध्ये ती नेहमीसारखीच बोलायची, पगारावर, पावसावर. पेटीचं अवाक्षर नाही. तिच्या खोलीवरच्या मैत्रिणी म्हणत होत्या म्हणे, हातोडीने फोड. तिने ती सेट-टॉप बॉक्सवर ठेवली, कारण तिथे सतत ऊब असते. रोज संध्याकाळी एकदा पट्टी ढकलून बघायची. बुधवारी रात्री साडेअकराला फोटो आला. पेटी उघडी, अंगठी बोटात, खाली एक शब्द: ‘कलंडवायची!’

पुढचं मग रीतीप्रमाणेच झालं. मामा गेला, पोहे झाले, पत्रिकासुद्धा बघितली. साखरपुड्याला नाना गावाहून धोतर-टोपीत आले, मागच्या रांगेत बसले. बायकांनी धरलंच, नाव घे, नाव घे. ती उठली.

“सागवानाची पेटी, तिला छर्ऱ्याचं कुलूप,
यांचं नाव घेते, खाचेला लावा तूप.”

नाव न घेताच नाव घेतलं म्हणून आत्या ओरडली. बाकी मांडवात कुणाला काही कळलं नाही. मागून तेवढा नानांचा आवाज आला, “तूप नव्हं पोरी, मेण!”