शिमग्याला कोकणात जायचंय? आधी गाव ठरवा, तारीख मागाहून

कॅलेंडरमधली होळीची तारीख बघून सुट्टी टाकली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात पोचलो, तर तिथली होळी दोन दिवसांपूर्वीच होऊन गेलेली असू शकते. इथे काही गावांचे शिमगे तेरसे असतात, म्हणजे होम फाल्गुन शुद्ध त्रयोदशीला लागतो. काही गावांचे भद्रेचे, ते पौर्णिमेला. त्यामुळे गावातल्या ओळखीच्या माणसाला पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: तुमचे तेरसे की भद्रेचे? दुसरा प्रश्न, ग्रामदेवतेची पालखी भोवनीला, म्हणजे घरोघरच्या फेरीला, कधी निघते आणि आपण उतरणार त्या वाडीत कोणत्या दिवशी येते. हे मानकरी ठरवतात. शेजारशेजारच्या गावांचं वेळापत्रक जुळेलच असं नाही, आणि तोच तुमचा फायदा. नीट आखलं तर एका गावची तेरसेची होळी आणि दुसऱ्या गावची पौर्णिमेची, दोन्ही बघून होतात.

गर्दीचा सोहळा हवा असेल तर रत्नागिरी शहरातला ग्रामदैवत भैरीबुवाचा शिमगा आहेच. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने आतलं लहान गाव धरावं असं माझं मत. तिथे पालखी अंगणात येते, संकासूर, म्हणजे शिमग्यातलं मुखवट्याचं सोंग, तुमच्याच मागे लागतो, आणि पोस्त, म्हणजे सणाचे पैसे, मागायला आलेल्या पोरांना नाही म्हणायची सोय नसते. सुट्टे पैसे भरपूर ठेवा. दहा-वीसच्या नोटा तिथल्या दुकानात ऐन वेळी मिळत नाहीत.

कोकण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि शिमग्याच्या गाड्या चाकरमान्यांनी लगेच भरतात. म्हणून तिथी पंचांगात पाहून आरक्षणाचा दिवस मागे मोजून ठेवावा. स्थानक निवडताना नकाशा पाहा. गुहागरसाठी चिपळूण, देवरुखसाठी संगमेश्वर रोड. राजापूर रोड हे नाव फसवं, स्थानक शहरापासून बरंच लांब आहे आणि रात्री उतरलात तर रिक्षा मिळेलच असं नाही. कराडहून येणाऱ्यांना कुंभार्ली घाट, कोल्हापूरहून आंबा घाट. पेट्रोल महामार्गावर किंवा तालुक्याच्या गावातच भरून घ्या, खाली किनाऱ्याकडे पंप विरळ होत जातात.

होळीच्या रात्री झाड आणतात. कुठे सुरमाड, कुठे आंबा, कुठे पोफळ. ज्या गावाची जी चाल. शेकडो हात लागलेलं ते खोड फाका, म्हणजे होळीच्या आरोळ्या, मारत रानातून होळीच्या मांडापर्यंत येतं, मध्येच मागे सरतं, बाजूला झुकतं. बघणाऱ्याने वाटेच्या वरच्या अंगाला उभं राहावं. खोड घसरतं ते उताराकडे, आणि खालच्या बाजूला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, असला तर पळायला जागा उरत नाही. उभं करताना शेंड्याच्या रेषेत तर मुळीच थांबू नये. पाखाडीच्या, म्हणजे गावातल्या पायवाटेच्या, चिऱ्याच्या पायऱ्या सगळ्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यात मार्चमध्ये सुका पाला पडलेला. मोबाईलच्या उजेडावर भागत नाही, हातात विजेरी हवी.

पालखी नाचताना दांड्यापासून लांब राहा. बघणाऱ्यांचं लक्ष मधल्या रुपांकडे, म्हणजे देवाच्या मुखवट्यांकडे, असतं आणि गिरकी घेताना पुढे-मागे आलेला दांडा डोक्याला लागतो. खांदा द्यायचा असेल तर आधी विचारावं, चामड्याचा पट्टा आणि पाकीट काढून ठेवावं, चपला अंगणाबाहेर. देवापुढे गाऱ्हाणं चालू असताना फोटो काढायचा का, हेही घरच्या वडीलधाऱ्यांना विचारूनच. पाहुणे म्हणून उतरला असाल तर ओटीचं सामान, म्हणजे नारळ, खण, तांदूळ, यजमानांना आदल्या दिवशीच विचारून आणा. पालखीची सांगितलेली वेळ मात्र मनावर घेऊ नका. प्रत्येक घरी थोडी थोडी रेंगाळत संध्याकाळची पालखी मध्यरात्री येते.

आता समुद्र. पौर्णिमा म्हणजे उधाण, भरती नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटी नेहमीपेक्षा खाली जाते. पूर्ण भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती. पौर्णिमा पंधरावी, म्हणून सव्वाअकराच्या सुमारास. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून, म्हणजे रंगपंचमीला पावणेचार. साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धराच. होळीच्या दिवशी सकाळी आठला वाळूवर उभी केलेली गाडी अकराला पाण्यात असते, कारण कोरडी दिसणारी वाळूसुद्धा उधाणाच्या टप्प्यात येते. गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडेच ठेवा. पोहायला खाडीच्या मुखाशी नको. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्याच तोंडातून बाहेर ओढलं जातं.

दापोलीकडून गुहागरला येताना दाभोळ-धोपावे आणि तिथून जयगडकडे जाताना तवसाळ-जयगड, या दोन्ही फेरीबोटींनी खाडीचा मोठा वळसा वाचतो. उधाणाच्या ओहोटीला धक्क्याचा खालचा, शेवाळ धरलेला उतार उघडा पडतो. दुचाकीवाल्यांनी मागच्या माणसाला उतरवून, पहिल्या गिअरमध्ये, पुढचा ब्रेक न दाबता खाली जावं. शेवटची फेरी किती वाजता हे सणाच्या दिवशी धक्क्यावरच विचारा.

परतीचा दिवस धुळवडीच्या संध्याकाळचा धरू नका, महामार्ग तेव्हा मुंबईकडे तुंबलेला असतो. गावात एसटीची वस्तीची, म्हणजे रात्री मुक्कामाला थांबणारी, गाडी येत असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे तीच पकडून तालुक्याला या. ती सुटायच्या आधी दहा मिनिटं थांब्यावर हजर हवं, कारण भरली की ती वेळेची वाट पाहत नाही.