मळ्यातून अख्खं आकाश

घरी जोडलेला आकाश-कॅमेरा आज चोपड्याजवळच्या मळ्यात उभा केला. आत रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक आणि त्याचाच एचक्यू कॅमेरा, म्हणजे सोनीचा आयएमएक्स ४७७ सेन्सर, १२.३ मेगापिक्सेल. वर फिशआय लेन्स, म्हणजे चहूबाजूंचं एकदम टिपणारं भिंग. डबा म्हणजे बोअरचा उरलेला पीव्हीसी पाइप, डोक्यावर अ‍ॅक्रिलिकचा घुमट. दुर्बीण घे असं सगळे सांगत होते, पण मला एका फोटोत सगळं आकाश हवं होतं.

खरा वेळ खाल्ला तो दवाने. केळीला नुकतंच पाणी दिलेलं, वर थंडी, त्यामुळे घुमट बघता बघता धुरकट. मग त्याच्या कडेने आतून विजेवर तापणाऱ्या रेझिस्टरची माळ फिरवली, पॉवर बँकेवर. जराशी ऊब मिळाली की दव धरत नाही. जास्त ऊबही नको, कारण सेन्सर तापला की काळ्या आकाशात खोटे ठिपके उगवतात. दर सहा-सात अंशांना हा प्रकार साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात आपल्याकडच्या ४५ अंशांत याचं काय होणार, देव जाणे!

२० सेकंदांच्या फोटोत मृग, रोहिणी, कृत्तिका लख्ख आले. ध्रुव सातपुड्याच्या बाजूला, क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर. आपला अक्षांश तेवढाच, म्हणून.

तेवढ्यात काका टॉर्च मारत आले.

"काय करी राह्यना रे भाऊ?"

आधी टॉर्च बंद करायला लावला, मग फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "बागमा कोन घुसना ते दिसी का यामा?"

नाही म्हटल्यावर टॉर्च लावून चालू पडले.