फ्यूज शाबूत होता

मी कॅनडात, मिसिसागाच्या एका गराजमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. जानेवारीत आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांची बॅटरी बसलेली असते. त्या दिवशी आलेल्या 2006 च्या सेडानची बॅटरी मात्र ठणठणीत होती. ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या कापडावर नाण्याएवढा तपकिरी डाग पडला होता. गाडी घेऊन आलेल्या ताई मराठी निघाल्या.

"बाबांना भाजलंय," त्या म्हणाल्या. "मांडीला मागून फोड आलाय, आणि त्यांना कळलंसुद्धा नाही."

काकांच्या मणक्याला जुनी दुखापत आहे, कमरेखाली संवेदना नाही. बाहेर उणे 18 होतं म्हणून ताईंनी दवाखान्यात जाताना सीटचा हीटर लावला. घरी कपडे बदलताना फोड दिसला. आधी त्यांनी दुसऱ्या एका गराजमध्ये दाखवलं होतं. तिथे फ्यूज बघितला, तो शाबूत निघाला, म्हणून स्विचवर चिकटपट्टी लावून "हा दाबू नका" एवढंच सांगितलं.

ते ऐकून मी चिडलो, कारण या बिघाडात फ्यूज शाबूतच राहतो. सीटच्या कव्हरखाली बारीक तारांची एक पातळ गादी असते. 12 व्होल्टवर ती 60 वॅट घेत असेल तर करंट होतो 5 अँपिअर, आणि या गाडीत फ्यूज होता 20 चा. तार एका जागी पिचली, तिचे काही धागे तुटले, की त्या जागेचा रोध वाढतो आणि उष्णता तिथेच एकवटते. तुटकी टोकं टेकत-सुटत राहिली तर ठिणग्याही पडतात. एकूण करंट मात्र वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. मग फ्यूज उडणार कशाला? थर्मोस्टॅट असतो, पण तो जिथे बसवलाय तिथलंच तापमान त्याला कळतं, वीतभर पलीकडे काय जळतंय ते नाही. शेवटी सगळी भिस्त बसणाऱ्यावर. त्याला चटका लागला की तो स्विच बंद करतो. काकांना चटका लागलेलाच कळत नाही.

भाजायला तर ठिणगीचीही गरज नसते. अमेरिकेत 1947 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनुसार त्वचा 44 अंशांवर राहिली तर भाजायला सुमारे 6 तास लागतात, 49 अंशांवर काही मिनिटं पुरतात. 2011 मध्ये तिथल्या सुरक्षा कार्यकर्त्यांनी आणि भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सीट हीटरच्या तापमानावर मर्यादा घाला, अशी मागणी सरकारकडे केली होती. त्यांच्यासमोर काकांसारखेच रुग्ण होते.

चिकटपट्टीवर तर माझा अजिबात विश्वास नव्हता. या गाडीचा स्विच जुन्या पद्धतीचा. एकदा दाबला की दाबलेलाच राहतो, किल्ली फिरवली की हीटर आपोआप सुरू. गिअरशेजारी असल्यामुळे पर्स ठेवतानासुद्धा दाबला जाईल. फ्यूज काढून टाकावा, तर त्याच फ्यूजवर ड्रायव्हरची सीट होती, शिवाय उद्या कोणीतरी रिकामी जागा बघून नवा फ्यूज खोचणार. हीटर तोडायचा तर सीटखालीच.

सीट मोटरवर चालणारी होती, म्हणून बॅटरी काढण्याआधीच ती मागे-पुढे घेऊन चारही बोल्ट उघडे करून घेतले. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि थांबलो. सीटखाली पिवळे कपलर, म्हणजे तारा जोडणारे प्लग, असतात, ते एअरबॅगचे आणि बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचे. बॅटरी काढल्यावरही त्या यंत्रणेत काही मिनिटं चार्ज शिल्लक असतो. तिथे मल्टीमीटरची पिन कधीही लावायची नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळेपेक्षा मी जास्तच थांबतो, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

सीट मागे कलती केली. वायरिंगचा नकाशा समोर ठेवून हीटरचा कपलर शोधला आणि सोडवला. गादीच्या बाजूने रोध मोजला. अडीच ओहमच्या आसपास यायला हवा होता. डागावर अंगठा दाबला की चार, सोडला की सर्किट ओपन, म्हणजे जोडच नाही. तार तिथेच तुटलेली होती. गादी काढायच्या भानगडीत मी पडलो नाही. तिच्याखाली सीटवर माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सर होता. तो हलला तर एअरबॅग कधी उघडायची हा हिशोबच चुकतो. कपलरचं हार्नेसकडचं, म्हणजे गाडीच्या वायरिंगकडचं, तोंड टोपी घालून बंद केलं, टेप गुंडाळली आणि सीटच्या रुळात चिमटणार नाही असं चौकटीला बांधून टाकलं.

बॅटरी जोडून किल्ली फिरवली. एअरबॅगचा दिवा लागला आणि काही सेकंदांत विझला, म्हणजे त्या बाजूने ठीक. स्विच दाबून सीटवर बराच वेळ हात ठेवला, ती थंडच राहिली. स्विचमधला दिवा मात्र लागत होता, म्हणून ताईंना मुद्दाम सांगितलं की तो दिसला तरी घाबरू नका. ड्रायव्हरच्या सीटचं रीडिंग दाबलं तरी हलत नव्हतं, म्हणून तिचा हीटर तसाच ठेवला.

"तार तुटली कशानं?" त्यांनी विचारलं.

मी विचारलं, काकांना सीटवर घेताना तुम्ही गुडघा कुठे टेकता? त्यांनी डागाकडेच बोट दाखवलं. सांगावं की नाही, असं क्षणभर वाटलं. पण पुढची गाडी घेताना हे माहीत असायलाच हवं, म्हणून सांगितलं की या गादीवर गुडघा रोवला की तारा पिचतात. गाडी वीस वर्षांची, कधी ना कधी झालंच असतं, हेही सांगितलं. काकांना आता उबेसाठी गाडी आधीच तापवून ठेवायची आणि पायांवर शाल घालायची. गरम पाण्याची पिशवीसुद्धा नको, तिचाही चटका त्यांना कळणार नाही.

कपलरला लेबल लावलं: 'हीटर सदोष, जोडू नये.' बिलावरही तेच सविस्तर लिहिलं. ताईंनी बिल गाडीच्या कागदपत्रांत ठेवलं, गाडी विकली तर घेणाऱ्याला दाखवायला.