सांगलीतल्या क्वार्टर्सचा तळमजला

मिरजेहून विश्रामबागमार्गे सांगलीत आलेल्या पाहुण्याने गणपती मंदिर आणि आयर्विन पूल पाहावा, अशी रीत आहे. मी मात्र नदीच्या बाजूला, सखल भागातल्या एका सरकारी वसाहतीत गेलो. तीन मजली, सपाट छताच्या, एकाच नकाशावरून उठवलेल्या इमारती. जिन्याला सिमेंटची जाळी, खिडक्यांवर पातळ छज्जे आणि त्यांखाली पावसाने ओढलेले काळे ओघळ. अशा इमारतींना नक्षी नसते, त्यांचे सगळे रूप सावलीवर अवलंबून असते. म्हणून सकाळचे ऊन भिंतीला घासून जात असतानाच जाळीचे फोटो काढून घेतले. कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा आत झुकतात, त्यामुळे तो समतल धरून बराच मागे उभा राहिलो आणि चौकटीत अंगण भरपूर आले. ते कापले नाही, कारण या इमारतींची खरी गोष्ट खालीच आहे.

आधुनिक वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने फ्रान्सच्या मार्सेय शहरातली ३३७ घरांची इमारत जाडजूड खांबांवर उचलली. ती १९५२ मध्ये पूर्ण झाली. खालची जमीन मोकळी राहावी, हा त्यामागचा विचार. इथे सपाट छत आले, काँक्रीटचा सडेपणा आला, खांब मात्र अंदाजपत्रकात बसले नसावेत. जुन्या वाड्यांना निदान उंच दगडी जोते तरी असे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. खांबांची गरज मार्सेयपेक्षा सांगलीला अधिक होती, असे माझे मत आहे.

तळमजल्याच्या भिंतीवर रंगाच्या दोन छटा दिसत होत्या. त्यांचा फोटो घेत असताना दारातल्या बाईंनी विचारले, “साहेब, पंचनाम्याला आलायसा काय?”

“नाही मावशी, इमारतीचे फोटो काढतोय.”

“मग आत येऊन ह्ये बघा की.”

आत विजेचे बोर्ड डोक्याच्या उंचीवर नेलेले होते आणि धान्याचे डबे माळ्यावर चढवलेले होते. त्यांच्या परवानगीने ती खोली साध्या लेन्सने घेतली. वाइड लेन्सने फरशी आणि माळा यांतले अंतर फुगून दिसले असते, आणि या घरात नेमके तेच अंतर कामाचे आहे.