नरम केलेल्या कानशीला परत पाणी देताना

बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात ढिगातून कानशी उचलायच्या आणि त्यांच्या पटाश्या नाहीतर सुऱ्या करायच्या, हा नाद पुण्यात आता बऱ्याच जणांना लागलाय. मी भोसरीत टूलरूमला असल्यामुळे सगळ्यांचे फोन मला. नरम करणं जमतं हो सगळ्यांना, लाल करून राखेत पुरायची, सकाळी काढायची, मग ड्रिल पण जातं आणि ग्राइंडिंग पण मस्त होतं. प्रश्न पुढचा, आता परत कडक कशी करू?

आधी एक, घेतानाच ग्राइंडरला लावून ठिणगी बघा. फुलबाजीसारखे भरपूर फाटे फुटले तर स्टीलमध्ये कार्बन आहे, म्हणजे ते परत कडक होईल. साध्या लांब रेघा निघाल्या तर वरून फक्त कातडी कडक केलेला माल आहे, त्यात जीव घालवू नका.

बाकी सगळीकडे एकच सल्ला फिरतो, तापवताना लोहचुंबक चिकटायचं बंद झालं की तेलात नाहीतर पाण्यात बुडवा. माझं म्हणणं एवढंच की ते अर्धंच आहे. चुंबक सुटतं साधारण ७७० अंशाला. नरम केलेल्या स्टीलमध्ये कार्बन लोखंडापासून वेगळा, कार्बाइड (लोखंड-कार्बनचे कडक कण) होऊन बसलेला असतो, आणि तो परत लोखंडात विरघळल्याशिवाय तुम्ही तेलात बुडवा नाहीतर खडकवासला धरणात, काही होणार नाही. विरघळायला ७२७ च्या वर जावं लागतं हे खरं, पण वेळही लागतो, म्हणून कानशीच्या स्टीलला ७८० ते ८०० च्या आसपास नेऊन पातळ तुकडा असला तरी दोन-तीन मिनिटं तिथेच धरायचा. आणि नारिंगी होऊ द्यायचा नाही, कारण मग स्टीलच्या आतला दाणा वाढतो आणि धार वापरताना टवके उडतात.

हे सगळं संध्याकाळी करा, उजेड कमी झाल्यावर. दुपारी उन्हात लाल रंग आहे त्यापेक्षा फिका दिसतो आणि माणूस भाता मारतच बसतो (भाता म्हणजे आमच्याकडे बायकोचा हेअर ड्रायर, विचारू नका). अंधारात एक मजा दिसते. तुकडा हळूहळू लाल होत जातो आणि एका टप्प्याला त्याच्या अंगात सावल्या फिरायला लागतात, कडा उजळ आणि मध्ये काळपट ढग, कारण आतली रचना बदलताना स्टील उष्णता पिऊन घेतं. तो ढग आक्रसत आक्रसत नाहीसा झाला आणि सगळीकडे एकसारखा रंग आला की तिथून वेळ मोजायला लागा. माझा चुंबकापेक्षा या सावलीवर जास्त विश्वास आहे.

मग बुडवणं. कानशीचं स्टील फार उतावळं, सेकंदभरात ५५० च्या खाली आलं नाही तर परत नरमच राहतं. पातळ पात्याला ५०-६० अंशाला गरम केलेलं शेंगदाणा तेल चालतं, जाड असेल तर मिठाचं पाणी, पण त्यात तडा जायची भीती जास्त. सरळ उभं आत घालायचं आणि वरखाली हलवायचं, आडवं ढवळलं की एका बाजूने आधी थंड होऊन वाकलंच समजा. तेल पत्र्याच्या डब्यात घ्या, झाकण हाताशी ठेवा, भडका उडतो.

गार झाल्यावर चांगली कानस फिरवून बघायची, घसरली पाहिजे. इथे बरेच जण घाबरतात कारण कानस चक्क चावते. थांबा जरा, भट्टीत वरच्या पातळ थरातला कार्बन जळून जातो, तेवढा घासून काढा आणि मग बघा, खाली कडक असतं.

आणि त्याच दिवशी टेंपरिंग, म्हणजे कडक तुकडा हलका गरम करून ठिसूळपणा घालवणं, "उद्या करू" अजिबात नाही. कडक होताना स्टील किंचित फुगतं, आतमध्ये सगळा ताण असतो, रात्री टेबलावर नुसतं पडल्या पडल्या टण् करून तडा जाऊ शकतो. ओटीजीमध्ये (घरचा छोटा ओव्हन) २०० अंशाला एक तास, गार करून परत एक तास. ओटीजीच्या बटणावरचा आकडा कोणी खरा मानू नये, तुकडा आधी घासून चकचकीत करा आणि रंग बघा, फिकट पिवळा आला की पटाशीला बास. लोखंड तोडायची छिन्नी असेल तर जांभळ्यापर्यंत जाऊ द्या, निळा म्हणजे स्प्रिंगसारखं लवचिक.

गाडीच्या पाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) स्टील यापेक्षा सोशिक असतं, त्याला तेलच द्यायचं, तापमान मात्र थोडं अजून वर, ८५० च्या आसपास. एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं डाय स्टील) कुणी आणलं असेल तर शेगडीवर नादच करू नका, त्याला हजाराच्या वर न्यावं लागतं, भोसरीत नाहीतर चाकणला हीट ट्रीटमेंटवाल्याकडे टाका आणि चिठ्ठीवर ग्रेड आणि किती एचआरसी (कडकपणाचा आकडा) पाहिजे ते लिहून द्या, नाहीतर तो फोन करून तेच विचारणार.