फॉरमॅट न मारता बाबांचा कॉम्प्युटर पुन्हा चालता केला

सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. माझे बाबा डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचे खजिनदार. त्यामुळे २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांचा सगळा वेळ ताळेबंद, थकबाकीची यादी आणि सभेची नोटीस यांत जात होता, आणि नेमकं त्याच वेळी घरच्या कॉम्प्युटरनं मान टाकली. बंद पडला असं नाही. सुरू व्हायचा, पण डेस्कटॉप दिसल्यावरही कितीतरी वेळ काही उघडायचं नाही. माउस हलायचा, एक्सेलच्या फाइलवर डबल क्लिक केलं की निळं वर्तुळ फिरत राहायचं. सेव्ह करताना ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा तर विझायचाच नाही.

मशीन २०१४ मध्ये असेंबल करून घेतलेलं. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. ओळखीच्या दुरुस्तीवाल्यानं फोनवरच सांगून टाकलं: “व्हायरस असणार, फॉरमॅट मारू. नाहीतर आता नवीनच घ्या.” मशीन न बघता दिलेला हा सल्ला मला अजिबात पटला नाही. बाबांची सोसायटीची सगळी जुनी पत्रं युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधीच्या ‘शिवाजी’ फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकणं. त्यात फॉन्ट, त्यांचं ओळखीचं टायपिंगचं सॉफ्टवेअर, प्रिंटरची बसलेली घडी, सगळंच जाणार. सभेच्या तोंडावर सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे परत जमवायला लावणं मला मान्य नव्हतं. “आधी दुखतंय कुठे ते तरी बघू,” असं म्हणून मी बसले.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात चार आकडे बघायचे: सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क, नेटवर्क. आमच्याकडे सीपीयू दहा टक्क्यांच्या आसपास, मेमरी बरीच भरलेली पण थोडी शिल्लक, आणि डिस्क १०० टक्के. ती खाली यायलाच तयार नव्हती. त्याहून बोलका आकडा ‘परफॉर्मन्स’च्या पानावर होता. डिस्क शंभर टक्के कामात, पण प्रत्यक्षात वाचली जाणारी माहिती सेकंदाला एक-दोन एमबी. ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ हजारो मिलिसेकंदांत. म्हणजे डिस्क राबत होती, पण हातात काही पडत नव्हतं.

हे का होतं, ते थोडं सांगते, कारण इथेच बहुतेक जुन्या मशीनचं दुखणं असतं. आमची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरणारी. म्हणजे एक फेरी आठ मिलिसेकंदांहून थोडी जास्त. हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय डोकं त्या रांगेवर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एवढा हिशेब केला की विखुरलेले तुकडे वाचताना सेकंदाला जेमतेम पंच्याहत्तर-ऐंशी वाचनं होतात. विंडोज सुरू होताना नेमके असेच हजारो छोटे तुकडे मागते. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर होतं. म्हणून सीपीयू जुना असूनही निवांत बसलेला, आणि डिस्कपुढे रांग लागलेली.

तरी लगेच डिस्कवर ठपका ठेवला नाही. ‘स्टार्टअप’मध्ये जाऊन नको ते बंद केलं: प्रिंटरचा अपडेटर, एक जुनं मेसेजिंग अ‍ॅप, कधीतरी कशासोबत तरी आलेला एक ‘क्लीनर’. दोन अँटिव्हायरस होते, त्यातल्या एकाची मुदत संपलेली, पण तो प्रत्येक फाइल तपासायचं काम इमानेइतबारे करत होता. तो काढला. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे, असं माझं मत आहे. फरक पडला, पण थोडाच. मशीन सुरू करून अर्धा तास हात न लावता ठेवलं, म्हणजे अपडेट आणि सर्चचं इंडेक्सिंग आटपेल. तरीही डिस्क शंभरावरच.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. हे सॉफ्टवेअर ती नोंद समोर मांडतं. आमच्या डिस्कवर पिवळ्या रंगात ‘कॉशन’ आलं. ओळी बऱ्याच असतात, मी तीन बघितल्या. ०५ या ओळीत किती खराब सेक्टर (डिस्कवरचे माहिती ठेवायचे छोटे कप्पे) बाजूला काढून त्यांच्याऐवजी राखीव सेक्टर वापरलेत ते कळतं. सी५ मध्ये वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. या दोन्हींत शून्य नव्हतं. सी७ ही ओळ केबलमधून जाताना झालेल्या चुकांची, तिथे मात्र शून्य. म्हणजे केबल ठीक, डिस्कच खंगत चाललेली. असा आजारी सेक्टर आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहते, आणि तेवढा वेळ सगळं मशीन तिच्या तोंडाकडे बघत थांबतं. एक्सेल अडकायचं कारण हे होतं. इथे फॉरमॅट मारून काहीच साधलं नसतं. नवीन विंडोज त्याच खराब डिस्कवर गेली असती.

या टप्प्यावर लोक चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, चालवा म्हणतात. मी नाही चालवलं. पूर्ण तपासणी आजारी डिस्कचा प्रत्येक कोपरा घासून काढते आणि त्यातच ती कायमची जाऊ शकते. आधी बॅकअप, तोही महत्त्वाच्या क्रमानं. सोसायटीचे हिशेब आणि पत्रं, मग घरची कागदपत्रं, मग फोटो, आणि फॉन्टचा फोल्डर वेगळा. फोटोंच्या एका फोल्डरवर कॉपी अडकली, तो सोडून पुढे गेले आणि शेवटी परत त्याच्याकडे वळले. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. “अगं, मागच्या सालचं ऑडिट आलं का त्यात?” हा प्रश्न ते दर थोड्या वेळानं विचारत होते. ऑडिटचा फोल्डर पेन ड्राइव्हवर उघडून दाखवला तेव्हा कुठे चहा प्यायला उठले.

खरेदीला लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जाता येतं, आणि जुन्या मशीनचे सुटे भाग तिथे अजून मिळतात. दुकानात पहिली पुढे केली ती ४८० जीबीची एसएसडी, स्वस्त म्हणून. पण मला जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत म्हणजे क्लोन करायचा होता, आणि त्यासाठी नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी लागते. ५०० जीबीवरून ४८० वर सरळ क्लोन होत नाही, आधी पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला भाग, लहान करावं लागतं, आणि आजारी डिस्कवर ती कसरत करायची नव्हती. म्हणून ५१२ जीबीची अडीच इंची साटा (डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत) एसएसडी घेतली. सोबत ४ जीबीची डीडीआर-थ्री रॅम. बोर्डाला डीडीआर-थ्री लागते की डीडीआर-फोर, आणि विंडोज ६४ बिटची आहे की ३२, हे घरून बघून निघाले होते. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वाया जाते.

क्लोनसाठी क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू केलं. दिसायला रूक्ष, पण विश्वासू. खराब सेक्टर आला की ते एरवी थांबतं. ‘एक्स्पर्ट’मध्ये ‘रेस्क्यू’ हा पर्याय निवडला तर न वाचता येणारा भाग सोडून पुढे जातं. कुठली डिस्क उगम आणि कुठली लक्ष्य, हे मॉडेल नंबर कागदावर लिहून, बाबांना मोठ्यानं वाचायला लावून पक्कं केलं. इथे उलट झालं तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते. रात्री लावलेलं काम सकाळी संपलेलं होतं.

जोडताना बोर्डावरचे पोर्ट बघितले. आमच्या एच८१ चिपसेटला चार साटा पोर्ट आहेत, त्यातले दोनच जास्त वेगाचे, ६ गिगाबिटचे. जुनी डिस्क काढून ठेवली, एसएसडी त्यांतल्या एकात लावली. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो बूटचा क्रम तपासला आणि साटाचा मोड जसा होता तसाच ठेवला, कारण तो बदलला तर विंडोज सुरूच न होण्याची शक्यता असते. कॅबिनेट उघडलंच होतं म्हणून पंख्यावर नमद्यासारखी बसलेली धूळ ब्रशनं काढली.

मशीन अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार. एक्सेल क्लिक केल्या केल्या उघडलं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क एक-दोन टक्के. ‘शिवाजी’तली पत्रं जशीच्या तशी. बाबांनी थकबाकीची यादी उघडली, बेरीज तपासली आणि थेट प्रिंटला दिली.

एक प्रश्न उरला होता. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेट योजनेत मशीनची नोंद केली. नोंद केली तेव्हा तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत होती. तोवर पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजीची मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चालवून बघतोय. इनस्क्रिप्ट या कळफलकानं मराठी टाइप होतं, प्रिंटरही ओळखला गेला. अडचण जुन्या फॉन्टच्या पत्रांची आहे, म्हणून बाबांनी ती युनिकोडमध्ये आणायला घेतली आहेत, रोज जेवणानंतर थोडी थोडी, उपविधी दुरुस्तीच्या पत्रव्यवहारापासून सुरुवात करून.